देवघर एक, कागद एकही नाही

चवथीला मूळ घरी एका माटोळीखाली तीन पिढ्या जमतात. दृश्य रम्य खरे. परंतु या घराची मालकी कोणाची, असे विचारताच सारी मंडळी गप्प होतात. ‘गणपतीच्या घराची वाटणी कसली?’ असे वडीलधारे म्हणतात. या वचनाला आम्ही धर्म मानीत नाही. तो आळस आहे. आणि पुष्कळदा लबाडी.

१८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने गोमंतकात मुलगा व मुलगी यांना समान वारस ठरविले. तेच तत्त्व पुढे २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात आले व तो २०१६ साली अंमलात आला. मृत्युपत्र करूनही मुलांचा निम्म्या मिळकतीवरील हक्क सामान्यतः हिरावता येत नाही. मग ‘एक-चौदा’च्या उताऱ्यावर बहिणींची नावे का नसतात? त्या उताऱ्यावर विसंबणाऱ्यांना आम्ही बजावतो: ती नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी धरली जाते, इतकेच. तिने मालकी निर्माण होत नाही, आणि बहिणीचा हक्क बुडतही नाही.

आजोबांमागे पाच वारस असतात. दोन पिढ्यांनी त्यांचे तीस होतात, कोणी मुंबईत, कोणी लिस्बनला. विक्री करावयाची तर जावयासुनांच्याही सह्या लागतात. छप्पर गळते, पण स्पष्ट मालकीवाचून बँक कर्ज देत नाही. शेवटी एखादा गांजलेला भाऊ आपला अविभक्त हिस्सा परक्यास विकतो. सहवारसांना अग्रहक्क आहे. पण तो बजावण्यास लागणारा पैसा त्या वेळी कोणापाशी असतो?

एकमत असेल तर वारसनामा करून वाटणीपत्र नोंदवावे. नसेल तर न्यायालयात इन्व्हेंटरी घालावी. तीत मिळकतींची यादी होते, मोल ठरते आणि वारसांत बोली लागते. श्रीमंत भाऊ बोलीत बाजी मारील, ही भीती खोटी नाही. तथापि हरलेल्यास आपल्या हिश्शाचे मोल तरी मिळते. आज त्याच्या वाट्याला चवथीच्या पातोळ्या तेवढ्या येतात.

देवस्थानच्या महाजनांच्या यादीत नाव राहिले तर आम्ही कोर्टाची पायरी चढतो. सख्ख्या बहिणीचे नाव घराच्या कागदावर नाही, याचे मात्र आम्हांस काहीच वाटत नाही. कुळदेवापुढे नारळ ठेवण्यापूर्वी प्रत्येक घरकर्त्याने एवढा हिशेब मनाशी करावा.