जुना हार्ड डिस्क हँडीकॅम लडाखला न्यायचा का?

२००० ते २०१० या काळातले छोटे डिजिटल कॅमेरे सध्या पुन्हा फॅशनमध्ये आलेत. त्यांच्याबरोबर हार्ड डिस्कवाले हँडीकॅमही सेकंडहँड बाजारात दिसतात. झूम मोठा, पकड चांगली, किंमत कमी. मग बाइक राइड किंवा पॅराग्लायडिंगसाठी हाच घेतला तर काय बिघडलं? अडचण आहे ती आतल्या डिस्कची.

तेव्हा हार्ड डिस्क का?

२००६ च्या सुमारास मेमरी कार्ड लहान आणि महाग होती. मिनी डीव्ही टेप साधारण तासाभरात संपायची. त्याच वर्षी आलेल्या सोनीच्या एका हँडीकॅममध्ये ३० जीबीची डिस्क होती. त्यात उत्तम दर्जाचं सुमारे सात तासांचं चित्रण मावायचं. लग्नाला, सहलीला एकदम सोयीचं!

डिस्क हवेच्या आधारावर चालते

डिस्कची तबकडी मिनिटाला हजारो फेऱ्या मारते आणि तिच्यावर हेड हवेच्या पातळ थरावर तरंगतं. दोघांमधलं अंतर केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी असतं. उंचावर हवा विरळ झाली की हेड तबकडीला घासण्याचा धोका वाढतो. म्हणून अशा कॅमेऱ्यांच्या मॅन्युअलमध्ये उंचीची मर्यादा दिलेली असते: काहींत ३,००० मीटर, काहींत ५,०००. सह्याद्रीत हा प्रश्न येत नाही. कळसूबाईसुद्धा १,६४६ मीटरच. पण रोहतांग ३,९७८ मीटरवर आहे आणि खारदुंग ला ५,३५९ मीटरवर. म्हणजे नेमका जिथे व्हिडिओ हवा, तिथेच कॅमेरा बंद ठेवावा लागणार.

उडी मारली की रेकॉर्डिंग थांबतं

कॅमेरा हातातून सुटला तर डिस्क वाचावी म्हणून यात ड्रॉप सेन्सर असतो. वजनरहित अवस्था जाणवली की तो हेड बाजूला घेतो. पण बंजी जंप किंवा स्कायडायव्हिंगमध्येही कॅमेऱ्याला तसंच वाटतं, आणि ऐन उडीत रेकॉर्डिंग तुटू शकतं. काही मॉडेलमध्ये सेन्सर बंद करता येतो. पण मग कॅमेरा खरंच पडला तर डिस्कला संरक्षण नाही. शिवाय हँडलबारची सततची थरथर असतेच.

सगळ्यात मोठा धोका म्हणजे सगळं चित्रण एकाच जुन्या डिस्कवर असतं. ती बिघडली तर अख्खी ट्रिप गेली. कार्ड मात्र रोज बदलता येतं.

मग निवड कशी करायची?

- कॅमेरा हेल्मेटवर, बाइकवर किंवा अंगावर लावायचा असेल, तर कार्डवर रेकॉर्ड करणारा ॲक्शन कॅमेराच घ्या. त्यात फिरणारी डिस्क नसते.
- कार्ड व्ही३० दर्जाचं घ्या, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिणारं. १०० एमबीपीएसच्या ४के व्हिडिओला तासाला ४५ जीबी लागतात. १२८ जीबीचं कार्ड पावणेतीन तासांच्या आसपास पुरेल.
- एका मोठ्या कार्डापेक्षा दोन मध्यम कार्ड बरी.
- जुना हँडीकॅम घ्यायचाच असेल, तर आधी मॅन्युअलमधली उंचीची मर्यादा वाचा. विकत घेताना अर्धा तास रेकॉर्डिंग करून कॉम्प्युटरवर कॉपी करून बघा.

मैदानाच्या कडेला ट्रायपॉड लावून कबड्डी किंवा क्रिकेटचा सामना टिपायचा असेल, तर हा हँडीकॅम आजही कामाचा आहे. तिथे त्याचा झूम खरंच उपयोगी पडतो. पण जो क्षण पुन्हा मिळणार नाही, तो फिरत्या डिस्कवर सोपवू नका.