मोजा जमीन; पण आधी माणसे मोजा

साऱ्या देशाची जमीन एकदा नव्याने मोजून काढावी, प्रत्येक तुकड्याला त्याच्या धन्याचे नाव लावावे आणि बांधाबांधावरची भांडणे कायमची मिटवावीत, असा आग्रह अलीकडे चहूकडून धरला जात आहे. शासनही त्या दिशेने चालू लागले आहे. 2008 साली केंद्राने भूमी अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा कार्यक्रम हाती घेतला. 24 एप्रिल 2020 रोजी 'स्वामित्व' योजना आली आणि गावठाणांवर ड्रोन घिरट्या घालू लागले. 18 जानेवारी 2025 या एका दिवशी 65 लाखांवर मिळकत पत्रके वाटण्यात आली. पाठोपाठ फेब्रुवारी 2025 मध्ये 152 नगरांसाठी 'नक्शा' नावाचा उपक्रम सुरू झाला. भूखंडालाही आता माणसासारखा चौदा आकडी 'भू-आधार' मिळतो आहे.

या मोजणीला माझा विरोध नाही, हे प्रारंभीच सांगून टाकतो. पंचवीस वर्षांहून अधिक काळ निरनिराळ्या धर्मग्रामांत सेवा करताना, हातभर बांधापायी सख्ख्या भावांनी एकमेकांच्या मयतीला न गेल्याचे मी पाहिले आहे. कोर्टाचे उंबरे झिजवता झिजवता वादी संपला, प्रतिवादी संपला आणि दावा तेवढा चिरंजीव राहिला, अशी घरे प्रत्येक आळीत आहेत. तेव्हा मोजणी हवीच. माझे भांडण आहे ते मोजणी झाली की न्याय झाला, या भाबड्या आणि काहींच्या बाबतीत सोयीस्कर समजुतीशी.

आपला सातबारा मुळात कशासाठी जन्मला, हे आपण विसरलो आहोत. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारच्या प्रिंगल नामक अधिकाऱ्याने दख्खनची मोजणी केली, ती फसली. मग 1835-36 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून नव्याने आरंभ केला आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात रुजली. त्या साहेबांना शेत कोणाचे, यापेक्षा सारा कोणाकडून वसूल करावयाचा, याची चिंता अधिक होती. म्हणून आजही महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 प्रमाणे हक्कनोंद ही केवळ गृहीतकापुरती खरी असते. विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच तिला बळ असते. नोंदणी कार्यालयही 1908 च्या कायद्याने खरेदीखत तेवढे नोंदते. विकणारा खरोखर मालक होता की नव्हता, याची हमी ते देत नाही.

ही दुर्बलता अनेकांना सलते. सलावी, हे योग्यच. परंतु हीच दुर्बलता कित्येक दुबळ्यांचे शेवटचे कवच आहे, हे कोणी ध्यानात घेत नाही. नोंद चुकीची असली तरी ती खोडून काढण्याची वाट आज उघडी आहे. नव्या विचारानुसार ती वाट काही काळानंतर बंद व्हावयाची आहे. नीती आयोगाने 2020 साली जो नमुना कायदा पुढे ठेवला, त्यात प्रसिद्ध झालेली नोंद तीन वर्षांनी निर्णायक ठरावी, असे सुचविले होते. आंध्र प्रदेशाने या धर्तीवर कायदा केला. दिवाणी न्यायालयाचे काम महसुली अधिकाऱ्याच्या हाती जाते, म्हणून तेथील वकील रस्त्यावर उतरले, 2024 च्या निवडणुकीत तो प्रचाराचा विषय झाला आणि नव्या सरकारने त्याच वर्षी तो कायदा रद्द केला. बिहारने ऑगस्ट 2024 मध्ये सर्व जिल्ह्यांत विशेष सर्वेक्षण आरंभले. वंशावळी आणि जुने कागद जुळवताना लोकांची त्रेधा उडाली. कित्येक कागद कैथी लिपीत आणि ती लिपी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आपल्याकडे मोडीची अवस्था याहून वेगळी आहे काय?

यंत्र बांध दाखवील. बांध कोणी सरकवला, हे ते सांगणार नाही. ड्रोनला छप्पर दिसते. छपराखालची माणसे दिसत नाहीत. सातबारावर चार भावांची चार नावे आणि नकाशावर मात्र एकच अखंड सर्व्हे नंबर, पोटहिस्से कधी पाडलेलेच नाहीत, अशी स्थिती गावोगावी आहे. तेथे मोजणीदार काय मोजणार? ज्याची वहिवाट दांडगी, त्याचेच क्षेत्र तो मोजणार.

आता थोडे आपल्याच अंगणात येऊ या. मध्यंतरी एक सत्तरीची विधवा धर्मग्रामाच्या कार्यालयात आली. तिला स्वतःच्या बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. "आता या वयात कशाला, बाय?" मी विचारले. ती म्हणाली, "फादर, मी बाबांची मुलगी आहे, हे दाखवायचं आहे." बाप वारला तेव्हा भावांनी वारसांच्या जबाबात फक्त मुलांची नावे दिली होती. फेरफाराची नोटीस चावडीवर लागली होती. ती सासरी, दुसऱ्या गावी. मुदत संपली, नोंद प्रमाणित झाली. कागदोपत्री त्या बापाला मुलगी झालीच नव्हती. मी नोंदवही उघडली. बापाचे नाव, आईचे नाव, जन्माची तारीख आणि बाप्तिस्म्याची तारीख, सारे वळणदार अक्षरात जागच्या जागी होते. देवळाच्या वहीत ती होती. चावडीच्या वहीत नव्हती.

वाचकहो, हे कोणा परक्याने केले नाही. 1925 च्या भारतीय वारसा कायद्याने मृत्युपत्र नसता ख्रिस्ती बापाच्या मालमत्तेत विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्यात मुलगा-मुलगी यांना समान वाटा दिला आहे. हिंदू भगिनींना वडिलार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क मिळण्यास 2005 साल उजाडावे लागले. आपल्याकडे समान वाट्याचा कायदा शंभर वर्षांचा जुना आहे. तरीही किती घरांनी तो पाळला? "लग्नात सोने दिले, आता काय राहिले?" असे म्हणून बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यावयाची आणि रविवारी तिच्याच शेजारी बाकावर बसून मिस्सा ऐकावयाची, ही आपली रीत झाली आहे. कुंपणानेच शेत खाल्ले, तर मोजणीदाराला दोष का द्यावा?

आणि वाडीच्या कोपऱ्यातल्या त्या झोपडीचे काय? पिढ्यान्पिढ्या आपल्या केळीला आणि पानवेलींना पाणी घालणारे वारली कुटुंब तेथे राहते. त्याचे नाव ना भोगवटादाराच्या रकान्यात, ना इतर अधिकारांत. आदिवासींच्या हातून गेलेल्या काही जमिनी परत करण्यासाठी महाराष्ट्राने 1974 साली कायदा केला, कारण त्या जमिनी कागदावर अगदी रीतसर गेल्या होत्या. अंगठे होते, साक्षीदार होते, शिक्के होते. फक्त न्याय नव्हता.

येथे नाबोथाच्या द्राक्षमळ्याची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. अहाब राजाने तो मळा तलवारीने बळकावला नाही. राणीने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजमुद्रा उठवली, वडीलधाऱ्यांची सभा भरवली, दोन साक्षीदार उभे केले. सारा व्यवहार कायदेशीर दिसत होता. त्या काळी निर्णायक नोंदीचा कायदा असता, तर तीन वर्षांनी मळा निर्विवाद अहाबाचा झाला असता आणि एलिया संदेष्ट्याला मुदतबाह्य हरकतदार म्हणून परत पाठविले असते!

कोणी म्हणेल, "फादर, मग न्याय पूर्ण होईपर्यंत मोजणीच थांबवायची काय? शंभर वर्षे लागतील." नाही, थांबवू नका, क्रम बदला. शिक्कामोर्तब करण्यापूर्वी बांधावर सर्व वारसांना, विवाहित मुलींसह, नावानिशी बोलवा. चावडीवर कागद डकवून कर्तव्य संपले असे मानू नका. आपली निम्मी तरुण पिढी मुंबईत, आखातात, कॅनडात आहे, तिला समक्ष सूचना पोहोचू द्या. आधी पोटहिस्से मोजा, मग नकाशे छापा. जमीन गमावलेल्या आदिवासींचे आणि 2006 च्या वनहक्क कायद्याखालचे दावे प्रथम निकाली काढा. आणि दिवाणी न्यायालयाचे दार कोणत्याही सबबीवर बंद करू नका. हे होईल तेथे मोजणी खुशाल निर्णायक ठरवा. हे न करता घाईने केलेली मोजणी म्हणजे जुन्या चोरीला नवे, चकचकीत आणि कायमचे खरेदीखत ठरेल.

सरकारने काय करावे, हे सांगणे सोपे असते. मोजणीदार आपल्या गावी येईल तेव्हा येईल. त्यापूर्वी एका संध्याकाळी घरातली सारी मंडळी एकत्र बसवा. कोरा कागद घ्या आणि आजोबांपासून खाली सर्वांची नावे लिहा. आत्याची लिहा, बहिणीची लिहा. नावे आठवत नसतील तर कार्यालयात या, आमच्या वह्या उघड्या आहेत. ती विधवा दाखला घेऊन गेली. तिचा अर्ज अद्याप पडून आहे. तिच्या भावांनी ठरविले, तर तहसीलदारासमोर एका जबाबाने तिचे नाव परत येऊ शकेल. त्यासाठी ना ड्रोन लागतो, ना साखळी.