उसने आभाळ

आमच्या शाहूवाडीकडचे पावसाळी आभाळ टिपणे सोपे नव्हे. आंबा घाटात ढग साधावेत तर दरी काळीकुट्ट, दरी साधावी तर ढग पांढरेफटक! डिजिटल कॅमेरा कमीअधिक उजेडाचे तीन फोटो घेऊन त्यांचा एक करतो. युक्ती जुनीच. फ्रान्सचा गुस्ताव्ह ल ग्रे १८५६ च्या सुमारास समुद्र एका काचेवर नि आभाळ दुसरीवर घेऊन एकत्र छापी; एकच आभाळ दोन समुद्रांवर चढवतानाही त्याने मागेपुढे पाहिले नाही. समुद्राला त्याचे काय! पण परवा पुतण्याने माझ्या वडिलांच्या शेवटच्या फोटोतले ढग काढून मोबाइलवर निळे आभाळ बसवले.

"काका, आजोबा किती छान दिसतात!"

दिसतात खरे, पण डोक्यावर इरले आणि वर लख्ख ऊन? मूळ फोटो मागितला. तो त्याने पुसून टाकला होता.