हवा हवी, पण केव्हा?

आमच्या पुतण्याला अमेरिकेत, ऑरेगनमध्ये, घरी बिअर करायचा छंद लागला आहे. नातेवाईक मंडळींनी लगेच नाकं मुरडू नयेत. १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे तिथे स्वतःपुरती बिअर घरी करता येते. आपल्याकडे परवान्याशिवाय करणं गुन्हा आहे, तेव्हा हे वाचून कोणी उत्साहाने पातेलं चढवू नये!

परवा त्याचा फोन आला. "काका, शाळेत तर शिकलो की किण्वन हवेविना होतं. मग यीस्ट घालण्याआधी वर्टमध्ये हवा कशाला मिसळायची? आणि त्यासाठी ऑक्सिजनचा सिलिंडर घ्यावा का?"

वर्ट म्हणजे माल्ट केलेल्या सातूचं गोड पाणी, हॉप्स घालून तासभर उकळलेलं. उकळताना त्यात विरघळलेली हवा निघून जाते. उकळून गार केलेलं पाणी बेचव लागतं आणि या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओतलं की त्याला चव येते, तो हाच प्रकार.

साखरेचं अल्कोहोल करायला यीस्टला ऑक्सिजन लागत नाही, हे खरंच. पण एका पेशीच्या अनेक व्हायच्या तर नवीन पेशीआवरण हवं. त्यासाठी लागणारे स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्लं तिला ऑक्सिजनशिवाय बनवता येत नाहीत. ही शिदोरी कमी पडली तर किण्वन अर्ध्यात रेंगाळतं आणि १९ लिटर बिअर गोडसर राहते. उलट, किण्वन झाल्यावर हवा शिरली तर बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी शिळी चव येते. म्हणजे तीच हवा आधी पथ्य आणि नंतर कुपथ्य!

सिलिंडरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नेहमीच्या बिअरला तो नको. वर्ट साधारण २० अंशांपर्यंत गार करून भांडं काही मिनिटं जोरात हलवलं की हवेतूनच लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळू शकतो. तेवढा पुरतो. पाकिटातलं कोरडं यीस्ट तर कारखान्यातच भरपूर हवेवर वाढवलेलं असतं, शिदोरी बांधूनच येतं. बरेच उत्पादक सांगतात की त्याला वेगळी हवा देण्याची गरज नाही. फार कडक बिअरची गोष्ट वेगळी. तिच्यात साखर जास्त, त्यामुळे ऑक्सिजन विरघळतो कमी आणि लागतो मात्र जास्त. तिथे सिलिंडरला अर्थ आहे, तोही शेगडीपासून लांब ठेवून.

इतकी वर्षं शिकवल्यावर एक वाटतं. 'हवेविना' एवढा शब्द लिहिला की मुलाला गुण मिळतात. 'केव्हा' आणि 'का' हे कोणी विचारत नाही. मग मोठेपणी तोच मुलगा एक तर हवेला घाबरतो, नाही तर कोणीतरी सांगितलं म्हणून सिलिंडर विकत घेतो. कारण माहीत असेल तर त्याचं त्यालाच ठरवता येतं.

पुतण्याने सिलिंडर घेतला नाही. सध्या भांडं हलवून दंड दुखताहेत म्हणतो. असो, तेवढाच व्यायाम!