टेकडीवरचं 'आंतरराष्ट्रीय'

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकणार. सांभाळून घ्या.

फर्स्ट इयरला ऑटोतून जाताना पाटी वाचली, 'महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय', आणि चक्क हसले. हिंदी आणि आंतरराष्ट्रीय? माझ्या डोक्यात इंटरनॅशनल म्हणजे जीआरई, टोफेल आणि अमेरिकेचा व्हिसा!

नंतर वाचलं तेव्हा जरा लाजच वाटली. जानेवारी १९७५ मध्ये नागपूरला पहिलं विश्व हिंदी संमेलन भरलं, आपल्या वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या पुढाकाराने. मॉरिशसचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम आले होते. त्यांचे वडील बिहारमधून मजूर म्हणून तिकडे गेलेले. म्हणजे हिंदी समुद्रापार गेली ती कुणा प्रोफेसरच्या बॅगेतून नाही, तर मजुरांच्या गाठोड्यातून. त्याच संमेलनात वर्ध्याला आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ व्हावं असा ठराव झाला. पुढचं संमेलन १९७६ ला थेट मॉरिशसमध्ये! विद्यापीठ मात्र उगवलं १९९७ ला. बावीस वर्षं! (आणि आपण बॅकलॉगच्या रिझल्टला उशीर झाला म्हणून ओरडतो.) त्यातही सुरुवातीची काही वर्षं कारभार दिल्लीतून. पुढे अलाहाबाद, कोलकात्याला केंद्रं निघाली. चीन, थायलंड, श्रीलंकेची मुलं इथे हिंदी शिकून गेली.

युरोपात १९८७ साली 'इरॅस्मस' सुरू झालं, तेव्हा पहिल्याच वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी एकमेकांच्या विद्यापीठांत शिकायला गेले. आपल्याकडे कॉलेजं करारावर सह्या करतात, फोटो नोटीस बोर्डावर लागतो, संपलं. माझं म्हणणं एवढंच, की मुलं इकडून तिकडे गेली नाहीत तर कसलं आलंय नेटवर्क? आणि अमेरिकेचं राहू द्या, आपण त्या टेकडीवर तरी कधी गेलो? गॅदरिंगला पुण्याहून ऑर्केस्ट्रा बोलावतो, त्या मुलांना कधी साधं जेवायला बोलावलं? या वर्षी निदान एक व्हॉलीबॉल मॅच ठेवू या. मेस सेक्रेटरींनी मनावर घ्यावं.

मागच्या महिन्यात बाजारात एक परदेशी मुलगी संत्री घेत होती. मी ऐटीत पुढे होऊन विचारलं, "कॅन आय हेल्प यू?"

ती हसून म्हणाली, "नहीं दीदी, बस भाव कर रही हूँ।"

आणि दहा रुपये कमी करून घेतले. मला कधी जमलेलं नाही.