देवांचा वर्ण आणि नटांची निवड
पौराणिक चित्रपट निघाला, की त्यातील देवाची भूमिका अमक्याने का केली यावरून फिर्यादी दाखल होऊ लागतात. २०२३ साली ओम राऊत यांच्या ‘आदिपुरुष’ चित्रपटाच्या वेळी रावणाच्या दाढीपासून हनुमंताच्या मुखीच्या संवादांपर्यंत सर्व गोष्टींचा कीस पाडला गेला. परंतु वाल्मीकींनी श्यामवर्ण म्हणून वर्णिलेला राम पडद्यावर तसा दिसतो की नाही, याची रुजवात घालावी असे कोणास वाटल्याचे माझ्या तरी कानी आले नाही.

नटाच्या जन्मावरून त्याची पात्रता ठरविण्याची रीत आपल्या चित्रपटसृष्टीत मुळात नव्हतीच. दादासाहेब फाळके यांना १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’साठी स्त्री नटी मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंखे तारामती झाले, आणि १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. पुढे अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले शाहू मोडक वारंवार कृष्ण झाले, १९४० साली प्रभातचे ज्ञानेश्वर झाले, आणि भाविक महाराष्ट्राने त्यांचे दोन्ही अवतार बिनतक्रार स्वीकारले. आम्हा आगाशी गावच्या लोकांना, भवानीशंकराच्या देवळाबरोबरच चर्चचाही शेजार लाभला असल्यामुळे, याचे विशेष नवल वाटत नाही.

वहिवाट बिघडली ती धर्मामुळे नव्हे, रंगामुळे. महाभारतातील कृष्ण, अर्जुन आणि द्रौपदी ही तिन्ही पात्रे सावळी. तथापि राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेल्या छापखान्यातून देवदेवतांची जी गोरीपान, गुलाबी गालांची चित्रे घरोघरी भिंतींवर चढली, त्यांनी सौंदर्याचा मक्ता गोरेपणाला देऊन टाकला. त्याच छापखान्याचे काम केलेले फाळके पुढे चित्रपटाकडे वळले, हा योगायोग लहान नाही. कृष्णापुरती शास्त्राची बूज राखली गेली, पण ती निळ्या रंगाचा लेप देऊन. म्हणजे नट गोरा निवडावयाचा, त्याला निळे फासावयाचे, आणि मानेखाली घामाने लेप ओघळला की आतला मूळ गोरेपणा प्रेक्षकांना दिसावयाचा. अर्जुन आणि द्रौपदी यांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. काळ्या रंगाची पुटे मात्र राक्षसांच्या वाट्याला सढळ हाताने आली.

या व्यवहाराचा अर्थ किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला चटकन कळतो. अर्नाळ्याच्या बंदरात दुपारच्या उन्हात जाळी विणीत बसलेल्या एखाद्या तरुणाचा वर्ण ग्रंथांतल्या रामाशी तंतोतंत जुळत असेल. परंतु निवड करणाऱ्या साहेबांसमोर तो उभा राहिला, तर त्याच्या हाती धनुष्य न देता गदा देऊन त्याला लंकेच्या सैन्यात भरती करतील.

नाट्यदिग्दर्शक पीटर ब्रुक यांनी १९८५ साली फ्रान्समधील आव्हिन्याँ येथे महाभारत रंगभूमीवर आणले आणि १९८९ साली त्याचा चित्रपट केला, तेव्हा भीम आणि भीष्म आफ्रिकी नट झाले होते, तर द्रौपदी मल्लिका साराभाई. त्या प्रयोगावर नाट्यसमीक्षक रुस्तुम भरूचा यांनी घेतलेली हरकत वजनदार होती, कारण ती कातडीवर नव्हती. महाभारत ज्या भूमीत आणि ज्या धर्मविचारात रुजले तेथून ते उपटून नेले, असा तिचा रोख होता. ती हरकत मला मान्य आहे. परंतु सेनेगलचा भीम ज्यांना खुपला आणि गोरी द्रौपदी ज्यांना जन्मात खुपली नाही, त्यांनी परंपरेची मुखत्यारी आपल्याकडे कोणत्या दस्तऐवजाने आली ते एकदा दाखवावे.