सत्तरीनंतरची इनिंग

दर दोन वर्षांनी कंपनी बदलली नाही तर सीव्हीला गंज चढतो, हा आपल्या पिढीचा लाडका फंडा. मग एकाच नोकरीत 41 सीझन काढणाऱ्या माणसाचं काय करायचं?

नाव अ‍ॅमोस अलोन्झो स्टॅग. जन्म 1862, न्यू जर्सी. येलमध्ये असताना पठ्ठ्या बेसबॉलचा स्टार पिचर. व्यावसायिक संघांच्या ऑफर्स आल्या, त्याने नाकारल्या. त्याला धर्मोपदेशक व्हायचं होतं. पण भाषणाला उभं राहिलं की गाडी अडायची. मग ठरवलं, माणसं घडवायचीच आहेत ना? मैदानावर घडवू.

स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए ट्रेनिंग स्कूलमध्ये त्याच्यासोबत होता जेम्स नेस्मिथ, म्हणजे बास्केटबॉलचा जनक. मार्च 1892मध्ये या नव्या खेळाची पहिली जाहीर मॅच झाली. विद्यार्थ्यांनी शिक्षकांना 5-1 असं धुतलं. शिक्षकांचा तो एकमेव बास्केट स्टॅगचा!

त्याच वर्षी नव्याकोऱ्या शिकागो विद्यापीठाने त्याला बोलावलं. तेही थेट असोसिएट प्रोफेसर म्हणून. कोचला असा मान म्हणजे तेव्हा भलतंच होतं. पहिल्या वर्षी खेळाडू कमी पडले तर कोचसाहेब स्वतःच मैदानात उतरले. पुढे अमेरिकन फुटबॉल तर होताच, शिवाय अ‍ॅथलेटिक्स तीसहून अधिक वर्षं, बेसबॉल जवळपास वीस आणि एक सीझन बास्केटबॉलही. चार डिपार्टमेंट, माणूस एक.

आणि मग 1932 उजाडलं. वय सत्तर, नियमानुसार निवृत्ती. विद्यापीठाने मैदानाबाहेरची दुसरी जागा देऊ केली. केबिन मिळत होती, टीम नाही. आजोबा म्हणाले, नको.

1933मध्ये त्यांनी थेट कॅलिफोर्निया गाठलं. स्टॉकटनच्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये पुन्हा शिट्टी गळ्यात. इकडे शिकागोने 1939मध्ये फुटबॉलच बंद केला. स्टॅग यांच्या नावाच्या स्टेडियमचे स्टँड ओस पडले. 2 डिसेंबर 1942 रोजी त्याच स्टँडखाली एन्रिको फर्मी यांच्या टीमने जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली. पुढच्याच वर्षी, 1943मध्ये, 81 वर्षांचे स्टॅग देशातले ‘कोच ऑफ द इयर’ ठरले!

पॅसिफिकनंतर पेनसिल्व्हेनियात मुलासोबत सस्क्वेहॅना विद्यापीठाची टीम सांभाळली. नव्वदीनंतर स्टॉकटनला परतून ज्युनिअर कॉलेजच्या पोरांना किक कशी मारायची ते शिकवलं. 1965मध्ये ते गेले, तेव्हा वय होतं 102. त्यांचा 314 विजयांचा विक्रम मोडायला 1981 उजाडावं लागलं.

पुढच्या इंटरव्ह्यूत ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?’ असं विचारतील तेव्हा सत्तरीतल्या स्टॅग आजोबांना आठवा. त्यांचं उत्तर एका शब्दाचं असतं. मैदानावर. तुमचं?